माळमड्डी ते माळमड्डी : एक सोपी फेरी
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



इथे माईकसमोर आमच्यातला एकच जण उभा असला तरी हे बोलणं आठ जणांचं आहे. गेली सहा वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही आठ जण धारवाडच्या पश्चिमेला एक पायी फेरी मारतो. आमच्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, शाळेत आयुष्य घालवलेल्या दोन बाई आहेत, बँकेतले अण्णा आणि वहिनी आहेत, बाकीचे तिघं घर, दुकान आणि कोर्ट यांतून मोकळे झालेले. कुणाचे गुडघे बोलतात, कुणाची साखर वाढते. गिर्यारोहक म्हणावं असं आमच्यात कुणी नाही. कार्यकारिणीने विचारलं, 'तुम्ही दर महिन्याला जाता तरी कुठे? एकदा सगळ्यांना सांगा की.' म्हणून हे सांगणं.

आधी 'फेरी' या शब्दाबद्दल. जाऊन त्याच वाटेने परत येणं वेगळं आणि फेरी वेगळी. फेरीत एका दाराने बाहेर पडायचं, गावाभोवती वळसा घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूने त्याच दारात यायचं. देवळाला प्रदक्षिणा घालतो तशी. इंग्लंडात याचं फार वेड आहे. अण्णा आणि वहिनी लेकीकडे सहा महिने राहून आले, तेव्हा तिने त्यांना श्रॉपशायरमधल्या लडलो या जुन्या गावी नेलं होतं. तिथे किल्ल्यापासून निघायचं, उतरून टीम नदीवरचा दिनहॅमचा पूल ओलांडायचा, व्हिटक्लिफच्या माळावर चढायचं आणि नदीकाठच्या 'ब्रेड वॉक' नावाच्या वाटेने लडफर्डच्या पुलावर येऊन, गावाच्या जुन्या वेशीतून परत बाजारात शिरायचं. ब्रेड वॉक हे नाव का, तर ती वाट बांधणाऱ्या मजुरांना रोख पैशांऐवजी पाव दिला, म्हणजे पैसे दारूत जायला नकोत, असं तिथे सांगतात. वहिनींना पुलापेक्षा आणि किल्ल्यापेक्षा ही गोष्टच जास्त लक्षात राहिली. आपल्या या मुलखात १८७६ ते ७८ च्या दुष्काळात लोक सरकारी कामावर खडी फोडायला गेले, त्याच्या गोष्टी त्यांनी आजीकडून ऐकल्या होत्या. पायाखालची वाट कुणाच्या तरी भुकेतून तयार झालेली असते, हे त्यांना तिथे जाऊन नव्याने कळलं नाही, आठवलं.

त्या देशात १९४९ साली कायदा झाला आणि पायवाटा नकाशावर नोंदवायचं काम तिथल्या स्थानिक संस्थांकडे आलं. वाट खाजगी शेतातून जात असली तरी नोंद असेल तर मालकाला ती अडवता येत नाही. कुंपण असलं तरी ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात. आपल्याकडेही मोजणीच्या जुन्या गावनकाशांवर गाडीवाटा आखलेल्या आहेत. महाराष्ट्रात त्यांना पाणंद म्हणतात, इथे बंडी दारी आणि कालु दारी म्हणतात. फरक एवढाच की आपल्याकडे वाट कागदावर टिकली तरी चालणारा माणूस कमी झाला, आणि चालणारा कमी झाला की वाट बुजते. लडलोहून आल्यावर अण्णांनी आम्हाला विचारलं, 'परक्या गावात आम्ही हातात नकाशा घेऊन फिरलो. ज्या गावात चार पिढ्या काढल्या, त्याच्याभोवती कधी फिरलोय का?' कुणाकडेच उत्तर नव्हतं. आमची फेरी तिथून सुरू झाली.

आता मार्ग. माळमड्डीतून, रेल्वे स्टेशनच्या बाजूने निघायचं. कर्नाटक कॉलेजवरून साधनकेरीला जायचं. तिथून केलगेरीच्या तळ्यावर. तळ्याच्या बांधावर बसून शिदोरी सोडायची. मग विद्यापीठाचा माळ चढायचा आणि उतरून परत माळमड्डी. सगळं मिळून नऊ-दहा किलोमीटर भरत असेल. आमच्या पायांनी, बसत-उठत, साडेतीन ते चार तास लागतात. चढ आहे तो विद्यापीठाच्या बाजूला आणि तोही दम लागेल असा नाही. एवढं सांगून आम्ही खाली बसलो तरी चाललं असतं. पण वाटेवर जे भेटतं, त्यासाठी आपण इथे जमलोय.

सुरुवात नावापासूनच करू. माळमड्डी. आपल्या कानाला यातला माळ ऐकू येतो, कानडी कानाला मड्डी. दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच, उंचवट्यावरची जमीन. आणि माळ हा शब्द आपला की त्यांचा यावर भांडायला बसलं तर सूर्य मावळेल, कारण तो कानडीतही आहे. पहिल्याच फेरीत बाईंनी हे दाखवलं आणि आम्ही हसलो. आपण जिथे राहतो त्या पेठेच्या नावातच दोन भाषा शेजारी शेजारी राहतात आणि इतकी वर्षं आपण ते पत्त्यावर नुसतं लिहीत आलो.

आपल्यापैकी बऱ्याच घरांचे पणजोबा धारवाडात कसे आले? काही पेशवाईच्या आणि पटवर्धनांच्या वेळी आले. १७९० च्या सप्टेंबरात परशुरामभाऊ पटवर्धनांनी टिपूच्या ताब्यातल्या धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. सोबतीला कॅप्टन लिटलचं इंग्रजी पथक होतं. आत बद्रुज्जमानखान होता आणि त्याने किल्ला सहा महिन्यांहून जास्त लढवला. १७९१ च्या एप्रिलच्या सुरुवातीला किल्ला पडला. लिटलच्या पथकातल्या एडवर्ड मूरने १७९४ साली या मोहिमेवर पुस्तक काढलं. मराठी गोलंदाज एक गोळा डागून मग निवांत बसतात, विडी-तंबाखू आणि गप्पा होतात, मग पुढचा गोळा, अशी त्याची तक्रार होती. हाच मूर पुढे चिंचवडला गेला आणि मोरया गोसावींच्या वंशातल्या देवांबद्दल त्याने लिहिलं. आपण आज ज्या मोरयाचा गजर करतो त्याची ओळख इंग्रजी वाचकांना करून देणाऱ्यांत धारवाडच्या खंदकात बसलेला हा माणूस होता. किल्ल्याची वेस आजही उभी आहे. ती आमच्या फेरीत येत नाही, पण हुबळीहून येणाऱ्यांनी एकदा पाहून घ्यावी.

काही घरं रेल्वेबरोबर आली. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीचं मुख्य कार्यालय धारवाडात होतं. कारकून, हिशेबनीस, तारबाबू लागत होते. रेल्वेवाल्या काकांचे आजोबा त्यातलेच. आजचं कर्नाटक कॉलेज ज्या देखण्या इमारतीत आहे, ती त्या रेल्वे कंपनीची. कॉलेज १९१७ सालचं. आमच्यातले तिघं तिथे शिकले. त्या इमारतीसमोर आलं की काका थांबतात आणि दर वेळी तोच प्रश्न विचारतात. रेल्वे कानडी मुलखातली, कचेरी धारवाडात आणि नाव मात्र मराठा रेल्वे, असं का? उत्तर असं की इंग्रजांच्या कागदोपत्री हा सगळा टापूच 'दक्षिण मराठा मुलूख' होता. त्यांनी ज्यांच्याकडून राज्य घेतलं त्यांचं नाव जमिनीला दिलं. कचेरीत आणि शाळेत मराठीचा भार इतका होता की कानडीला जागा मिळावी म्हणून १८९० साली रा. ह. देशपांडे यांनी इथेच विद्यावर्धक संघ काढला. आपण मराठी मंडळी हा इतिहास सांगताना बहुधा अर्धाच सांगतो. आपल्या आजोबांना ज्या भाषेमुळे नोकरी सहज मिळाली, त्याच भाषेमुळे शेजारच्या घरातल्या मुलाला स्वतःच्या गावात अडचण झाली होती. ही गोष्ट चालता चालता, कानडी मित्राच्या तोंडून ऐकली की राग येत नाही. बैठकीत ऐकली असती तर कदाचित आला असता.

तिथून साधनकेरी. केरी म्हणजे तळं. तळ्याकाठी द. रा. बेंद्रे यांचं घर आहे आणि शेजारी बेंद्रे भवन. बेंद्रे १८९६ साली धारवाडातच जन्मले. घरात मराठी. शिकायला पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. शिकवलं इथल्या व्हिक्टोरिया हायस्कुलात, पुढे सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात बारा वर्षं. आणि लिहिलं कानडीत, ते असं की धारवाडची रस्त्यावरची बोली थेट कवितेत जाऊन बसली. मराठीतही लिहिलं, 'संवाद' हे त्यांचं मराठी पुस्तक. 'नरबलि' या कवितेबद्दल इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं आणि नंतर मुगदला स्थानबद्ध केलं. मुगद म्हणजे लोंढ्याच्या वाटेवरचं आपलं जवळचंच स्टेशन. साधनकेरीला या, असं मित्राला बोलावणारी त्यांची एक कविता आहे. आमच्यातल्या बाईंना ती पाठ आहे. त्या तळ्याकाठी ती म्हणतात आणि सकाळी फिरायला आलेले दोन-चार अनोळखी कानडी लोक हमखास थांबून सूर मिळवतात. मराठी बाईंच्या तोंडून त्यांना ती ऐकायला मिळाली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

साधनकेरीला दुसरं नाव निघतं ते जी. ए. कुलकर्णी यांचं. जीए धारवाडच्या जे.एस.एस. कॉलेजात इंग्रजी शिकवत. 'पारवा', 'पिंगळावेळ', 'काजळमाया' हे संग्रह ज्या वर्षांत झाले, त्या वर्षांत ते याच गावात राहत होते. सभा-संमेलनांना येत नसत. आमच्यातल्या एकाने त्यांच्या हाताखाली इंग्रजी शिकलंय, आणि वर्गात मराठीतलं मोठं नाव उभं आहे हे त्याला कॉलेज सोडल्यावर कळलं. आता एक साल लक्षात ठेवा. १९७३. त्या वर्षीचं ज्ञानपीठ बेंद्र्यांना 'नाकु तंती'साठी मिळालं. त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार 'काजळमाये'ला जाहीर झाला, जो जीएंनी पुढे परत केला. एकाची घरची भाषा मराठी आणि सन्मान कानडीचा. दुसरा कानडी गावात राहून मराठीचा. आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. एका गावात, एका वर्षात हे सगळं. आपल्या मुलांना शाळेत हे कुणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या पुस्तकात धारवाड नाही आणि इथल्या पुस्तकात जीए नाहीत. सांगायचं तर आपणच.

पुढे केलगेरी. इथून शहर मागे पडतं. भाद्रपदात आलात तर बांधावर तेरडा फुललेला असतो, शेतात सोयाबीन आणि बटाटा, खालच्या अंगाला भात. आंब्याच्या बागा इथल्या प्रसिद्धच, धारवाडी आपूस आपण सगळेच खातो. माती तांबडी. हेच जरा गावाच्या पूर्वेला, नवलगुंदाच्या दिशेला निघालात तर माती काळी होते, ज्वारी, कापूस आणि हरभरा सुरू होतो. घाटाचा पाऊस जिथे संपत येतो आणि मैदान जिथे सुरू होतं, त्या शिवणीवर आपलं गाव आहे.

ही शिवण पाण्यातही आहे. धारवाडातलं उळवी बसप्पाचं देऊळ आपल्याला माहीत आहे. त्या देवळाजवळ पाणलोटाची रेषा आहे असं सांगतात. पूर्वेला पडलेला पाऊस ओढ्यांतून बेण्णीहळ्ळात, तिथून मलप्रभेत, मग कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. पश्चिमेला पडलेला बेडतीत जातो, तीच पुढे गंगावळी होते आणि गोकर्णाजवळ अरबी समुद्राला मिळते. कलघटगीच्या रस्त्यावरच्या सोमेश्वराला जी शाल्मला उगम पावते, तीही याच पश्चिमेच्या घराण्यातली. एकाच छपरावर पडलेले दोन थेंब दोन समुद्रांना जाऊ शकतात. शाळेतल्या बाई म्हणतात, भूगोल शिकवताना मी हे फळ्यावर काढायचे, आता मुलांना तिथे नेऊन उभं करावंसं वाटतं.

वाटेत माणसं भेटतात. शेतातला म्हातारा हमखास विचारतो, 'एल्ली होंटीरी?' म्हणजे कुठे निघालात? आमचं ठरलेलं उत्तर, 'सुम्न, अड्ड्याडाक.' उगीच, फिरायला. पहिल्या वर्षी तो संशयाने बघायचा. जमिनीचा सौदा करायला आलेली माणसं असतील असं त्याला वाटायचं, कारण हल्ली शहरातून शेताकडे पायी येणारा बहुधा त्याच कामाने येतो. आता तो भुईमुगाच्या शेंगा पुढे करतो आणि आमच्यातलं एक कमी असेल तर चौकशी करतो.

आता जे सांगायचं ते जरा जड आहे. केलगेरीच्या बांधावर आम्ही पोहे सोडतो. गेल्या माघात तिथे बसलो असताना आमच्यातले काका-काकू म्हणाले की त्यांनी माळमड्डीचं घर विकायचं ठरवलंय. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला. काकांचं एक मोठं दुखणं झालं, रात्री दवाखान्यात न्यायला कुणी नव्हतं. दिवाळीनंतर ते पुण्याला जातील. कुणी काहीच बोललं नाही. आपल्यातल्या किती घरांत हे झालंय, होतंय, ते इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. मग काकू म्हणाल्या, 'इथे आम्हाला मराठी मंदी म्हणतात. पुण्यात गेलो की कानडी अप्पा. इथलं घर गेलं की मग आम्ही कुठले?' परक्यांसाठी सांगायला हवं की कानडीत मंदी म्हणजे लोक. आमच्यातला एक जण त्यावर म्हणालाही, की मराठी मंदी आहे खरी, तेजी कधी येणार? थोडं हसू झालं. प्रश्न तिथेच राहिला.

त्या दिवशी उरलेली फेरी आम्ही याच प्रश्नावर केली. आठ जणांचं एकमत कधीच होत नाही, पण एका गोष्टीवर झालं. या वाटेवर ज्यांची नावं निघतात त्यांतलं कुणीच एका रेषेत बसत नाही. बेंद्रे बसत नाहीत, जीए बसत नाहीत. भास्करबुवा बखले इथल्या ट्रेनिंग कॉलेजात गाणं शिकवत होते आणि त्यांच्याकडे पुढे बालगंधर्व शिकले. कुंदगोळच्या रामचंद्राला मराठी नाटकवाल्यांनी सवाई गंधर्व केलं. लाईन बाजारचा पेढा घ्या. उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने तो केला, आणि आज त्याला मानांकन आहे ते धारवाडचा पेढा म्हणून. त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही कुठले. इथे येऊन इथल्या दुधाचं त्यांनी जे केलं, त्याने ते इथले झाले. आपल्या पूर्वजांनीही इथे शाळा चालवल्या, हिशेब लिहिले, गाणी ऐकली, वकिली केली, आणि शेजारच्या घरी उगादीला बेवू-बेल्ल खाल्लं. काकूंना आम्ही तेच सांगितलं. घर विकलं तरी तुम्ही या गावचे राहाल, कारण साठ वर्षं तुम्ही इथे वावरलात. पुण्यात कुणी विचारलं तर धारवाडचे म्हणून सांगा, आणि तेवढ्यावर थांबा. पुढचा खुलासा करायची गरज नाही.

पण आमच्या बाजूने एक अडचण उरते. काका-काकू गेले की आठाचे सहा होतील. सहाचे चार व्हायला फार वर्षं लागणार नाहीत. मग ही वाट कोण चालणार? आणि आपली नातवंडं, जी मे महिन्यात आजोळी येतात, त्यांना धारवाड म्हणजे आजीच्या घरचा टीव्ही आणि पेढा एवढंच राहणार का? माणूस जिथे स्वतःच्या पायाने गेलेला असतो ती जागा त्याला आठवते. गाडीच्या खिडकीतून पाहिलेली आठवत नाही. नातवंडांना मराठी यावं म्हणून आपण खूप धडपडतो. त्यांच्या पायांना हे गाव माहीत व्हावं म्हणून काहीच करत नाही.

वाटेचा शेवटचा टप्पा विद्यापीठाचा. कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली मुंबईत स्थापन झालं आणि १९५० मध्ये धारवाडला आलं. डी. सी. पावटे कुलगुरू असताना या उघड्या माळावर इमारती आणि झाडं उभी राहिली. या टेकाडाला इथले लोक छोटा महाबळेश्वर म्हणतात. वर आलं की वारा लागतो. सकाळी फिरायला येणारी माणसं, अभ्यासाला बसलेली पोरं, आणि लांबून कुठून तरी गाडीची शिट्टी. पायाखालचे खडक 'धारवाडी' म्हणून सगळ्या जगाच्या भूशास्त्रात ओळखले जातात. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात त्यांना आपल्या गावाचं नाव दिलं. त्यांचं वय अडीच अब्ज वर्षांहून जास्त. त्या खडकावर बसून आमच्या चार पिढ्या मोजल्या की आपलं हसू येतं आणि जरा हलकंही वाटतं. कोण आधी आलं, याचा निकाल खडकाने कधीच लावून टाकलेला आहे.

आता काही कामाच्या गोष्टी. हुबळीकरांनी पहाटेची चिगरी बस धरून ज्युबिली सर्कलला उतरावं, तिथून माळमड्डी रिक्षाने पाच-सात मिनिटं. सहाला निघालं तर दहाच्या आत परत येता येतं. भाद्रपद ते माघ हे महिने उत्तम. आषाढ-श्रावणात बांध निसरडे असतात आणि चैत्र-वैशाखात आठनंतर ऊन सोसत नाही. पायात जुने, सरावाचे बूट घाला, नवे घालू नका. प्रत्येकाने पाण्याची बाटली आणि डोक्याला टोपी घ्यावी. साखर असणाऱ्यांनी खिशात गूळ किंवा खडीसाखर ठेवावी. एकट्याने जाऊ नये, चौघं तरी असावेत. शेतातून जाताना पिकाच्या कडेने जावं, माणूस दिसला की आपण आधी नमस्कार करावा. कचरा परत आणावा. आणि परत आल्यावर गिरमिट आणि मिरचीभजी खाल्ली तर त्याचा हिशेब डॉक्टरांना देऊ नये.

मंडळाकडे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, या फेरीचा एक साधा नकाशा मंडळाने छापावा, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कानडी. चित्र काढायला आमच्यातले एक जण तयार आहेत, कानडी मजकूर शेजारचे मित्र बघून देणार आहेत. दुसरी, मे महिन्यात आणि नाताळच्या सुट्टीत नातवंडांसाठी एकेक फेरी ठेवावी. अर्धीच ठेवा, साधनकेरीपर्यंत, पण ठेवा. तिसरी विनंती आजच्या दिवसाला धरून आहे. ज्या तळ्यांच्या काठाने आम्ही चालतो, तिथे अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी काय दिसतं ते आम्ही पाहतो. रंग उडालेले हात, सोंडा, थर्माकोल. बाप्पाला अशा अवस्थेत बघवत नाही. पुढच्या वर्षीपासून मंडळाची मूर्ती शाडूची असावी आणि विसर्जन आवारातल्या हौदात व्हावं. घरच्या मूर्तींचं आपण प्रत्येकाने ठरवावं. तळं ज्यांचं आहे त्यांतले आपणही आहोत, एवढं मानलं तर हे अवघड नाही.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला आम्ही माळमड्डीत, स्टेशनच्या बाजूला उभे असू. काका-काकूही असतील, त्यांच्या अजून एक-दोन फेऱ्या बाकी आहेत. त्यांच्यासोबत चालायचं असेल तर हीच वेळ आहे. ज्यांना पूर्ण फेरी जमणार नाही त्यांनी साधनकेरीपर्यंत यावं आणि रिक्षाने घरी जावं, कुणी नावं ठेवणार नाही. येताना एखादा कानडी शेजारी बरोबर आणलात तर फारच उत्तम. वाटेवरची निम्मी नावं आम्हाला त्यांच्याकडूनच कळली आहेत.

गणपती बाप्पा मोरया!